सुलट्या आट्यांची सायकल

सासऱ्यांच्या बैठकीतल्या भिंतीवरून काढली तेव्हा ती सायकल अखंड होती, हे तक्रारसाहेब आजही छातीवर हात ठेवून सांगतात. पुढचं जे काही झालं ते पुढच्या अकरा दिवसांत झालं. आपल्या हातून एवढं सगळं होऊ शकतं, याचा सर्वांत मोठा धक्का त्यांना स्वतःलाच बसला.

तक्रारसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसणारा माणूस म्हणून ते राहत त्या इमारतीनं त्यांना हे बिरुद बहाल केलं होतं. नळाला पाणी नाही म्हणून तावातावानं आलेल्या माणसाचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचं, वहीत लिहायचं आणि "तक्रार नोंदवली आहे" असं म्हणून पुढच्याला बोलवायचं, हे काम ते वीस वर्षं बिनबोभाट करत होते. हाताला मात्र कशाचीच सवय नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले असताना न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त करायला म्हणून त्यांनी पाना हातात घेतला आणि दहाव्या मिनिटाला बैठकीतल्या चपला तरंगत दारापर्यंत गेल्या. सासरे कारखान्यात टर्नर होते. जन्म लेथ मशीनवर गेलेला. त्यांनी जावयाच्या हातातला पाना काढून घेतला आणि एवढंच म्हणाले, "राहू द्या जावईबापू. बोट कापेल."

त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत साहेबांनी सासऱ्यांसमोर साधा स्क्रू ड्रायव्हर जरी उचलला, तरी तो हळूच काढून घेतला गेला होता आणि "राहू द्या जावईबापू" हे शब्द कानावर पडले होते. त्यामुळे या सगळ्या उद्योगामागे काय होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. साहेबांना सासऱ्यांच्या तोंडून एकदा, मरायच्या आधी एकदाच, "वा" ऐकायचं होतं. कोण कुणाच्या मरायच्या आधी, हे त्यांनी मनातसुद्धा स्पष्ट केलं नव्हतं.

सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर मुलाकडे गेले आणि झाडांना पाणी घालायची जबाबदारी जावयाकडे आली. पाणी घालता घालता साहेबांची नजर त्या सायकलीवर गेली. निळी, सडपातळ, वळलेल्या शिंगांसारख्या हँडलची फ्रेंच शर्यतीची सायकल. कारखान्यात मशीन बसवायला आलेला कुणी फ्रेंच इंजिनियर जाताना ती सासऱ्यांना देऊन गेला होता, आणि गेली तीस वर्षं ती भिंतीवर टांगलेली होती. कुणी विचारलं की सासरे म्हणत, "ती चालवायची सायकल नाही. जपायची आहे." साहेबांना वाटलं, चालत नाही म्हणूनच जपत असतील. आपण चालती करून द्यावी. नवे भाग हल्ली स्वस्तात घरपोच मिळतात, त्यात काय एवढं? हे वाक्य त्यांनी मोठ्यानं उच्चारलं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

"अहो, बाबांना सांगून तरी आणायची होती," बायको म्हणाली.

"सांगितलं तर धक्का कसा बसेल?"

"कुणाला?" बायकोनं विचारलं. हा प्रश्न किती मार्मिक होता, हे साहेबांना आठवड्याभरानं कळलं.

पहिला धक्का पायडलांनी दिला. साहेबांनी मागवलेली नवीकोरी पायडलं अर्धा आटा आत गेली आणि अडली. जोर लावला तर वाकडी झाली. मग हँडलचा दांडा आला. तो भोकात जाईना. किती जाईना? तर केसभर. पावडर लावा, तेल लावा, देवाचं नाव घ्या, केसभर म्हणजे केसभर. टायर आले ते रिमपेक्षा बोटभर मोठे. साहेबांनी पट्टी घेऊन सगळं मोजलं तेव्हा त्यांचे डोळे पांढरे झाले. जग एका मापानं सायकली बनवत होतं आणि फ्रेंच माणसं शेजारच्या खोलीत बसून, मुद्दाम, प्रत्येक गोष्ट केसभर वेगळी बनवत होती. एखाद्या राष्ट्राला जगाशी इतकं बारीक वैर धरायला किती चिकाटी लागत असेल, या विचारानं साहेब रात्री जेवताना मध्येच थांबले.

वस्तू परत पाठवायच्या तर परतीच्या अर्जात कारणांची यादी होती. आवडली नाही, तुटली, उशिरा आली, चुकीची आली. 'केसभर' हे कारण त्यात नव्हतं. साहेबांनी कंपनीला फोन लावला, बावीस मिनिटं बासरी ऐकली, आणि शेवटी पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमची तक्रार नोंदवली आहे." साहेबांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य आपण रोज चाळीस माणसांना ऐकवतो. त्यांना हे असं वाटतं?

पण खरा खलनायक अजून पुढेच होता. दोन्ही पायडलं ज्या आडव्या दांड्याला जोडलेली असतात तो दांडा फिरता फिरत नव्हता. आत गंज. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मिस्त्रीला दाखवली, तर त्यानं हातातला पंक्चरचा तुकडा खाली ठेवला, सायकलीवरची फिकट अक्षरं वाचली आणि विचारलं, "फ्रेंच?"

"हो."

"मग मी जेवायला चाललो," मिस्त्री म्हणाला. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

शेवटी इमारतीच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत साहेबांनी स्वतःच दुकान मांडलं. वरच्या मजल्यावरचे काका मदतीला आले. काका वजनमापं तपासणीसाच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून काहीच तपासायला न मिळाल्यानं आतल्या आत कुढत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि व्याख्यान दिलं. दांड्याच्या दोन टोकांना दोन लोखंडी कप असतात, त्यात छर्रे असतात, छर्ऱ्यांवर दांडा फिरतो. डावा कप नळासारखा साधा उघडतो. तो खरोखरच उघडला, दांडाही बाहेर आला. उजव्या कपात मात्र छर्ऱ्यांचं जुनं कडं गंजून असं चिकटलं होतं, की कपच काढल्याशिवाय इलाज नव्हता.

"आता नीट ऐका," काका बोट वर करून म्हणाले. "उजव्या कपाला उलटे आटे असतात. चालवताना सुटू नये म्हणून. सोडवायचा तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचा. जगात कुठंही जा, हाच नियम."

साहेबांनी वाकून कप पाहिला. कपाच्या कडा आधीच कुणीतरी कराकरा चावल्यासारख्या दिसत होत्या, आणि त्यावर निळा रंग मारलेला होता.

"काका, हे दात कसले?"

"फ्रेंच लोक तसंच बनवत असतील," काका म्हणाले, आणि साहेबांना ते पटलं. तोवर त्यांची फ्रेंचांविषयी कशावरही विश्वास ठेवायची तयारी झाली होती.

पाना लावला. साहेबांनी जोर केला. काही नाही. काकांनी जोर केला, तर काकांच्या पाठीतून आवाज आला. मग तळमजल्यावरचा जिमवाला आला. तो रोज सकाळी आरशासमोर दंड फुगवून स्वतःला नमस्कार करतो, असं त्याची बायको सांगते. त्यानं पान्याला कमरेएवढा पाईप जोडला, पाय भिंतीला लावले, श्वास घेतला. कुर्र असा आवाज झाला.

"हलला!" तिघंही एकदम ओरडले. जिन्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

काकांनी खडूनं खूण केली. कप एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फिरला होता. दुसऱ्या दिवशी आणखी अर्धा सूत. तिसऱ्या दिवशी पाईप वाकला, पण पाव सूत मिळालं. काका रोजची प्रगती वहीत लिहून सही करत. साहेबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. ऑफिसात ते लोकांशी प्रेमानं बोलू लागले. लोक घाबरले.

चौथ्या दिवशी कप एक केससुद्धा हलेना. त्याच दिवशी जिन्याच्या भिंतीवर सेक्रेटरींची नोटीस लागली. 'सामाईक जागेत तेलाचे डाग, ठोकाठोकी व घोळका जमवणे याबाबत सदर सभासदाविरुद्ध तीन तक्रारी प्राप्त झाल्या आहेत.' साहेब नोटिशीसमोर कितीतरी वेळ उभे राहिले. तक्रारी? आपल्याविरुद्ध? ज्या माणसानं उभं आयुष्य तक्रारी घेण्यात घालवलं, त्याच्याविरुद्ध? थोबाडीत मारल्यासारखं झालं त्यांना. ते तडक सेक्रेटरींकडे गेले आणि आपली बाजू सलग पंधरा मिनिटं मांडली. सेक्रेटरींनी मान डोलावून ऐकलं आणि म्हणाले, "ठीक आहे. तुमचं म्हणणं नोंदवलं आहे."

घरी आले तर बायको फोन हातात धरून दारातच उभी.

"बाबांचा फोन होता. डॉक्टरांनी लवकर सोडलं. रविवारी येतायत."

"कुठल्या रविवारी?"

"या."

तो शुक्रवार होता. साहेब मटकन खाली बसले. डोळ्यांसमोर सासऱ्यांची बैठक आली, रिकामी भिंत आली, रिकामे दोन हुक आले. जिन्याखाली पोत्यावर पसरलेले सायकलीचे अवयव आले. आणि कानात आधीच ते शब्द वाजायला लागले. या वेळी सासरे काढून घेणार तरी काय होते? हातात होतं काय?

"मी सांगते बाबांना," बायको त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. "माझ्यावर घालते. नाहीतरी मला ते ओरडत नाहीत."

साहेबांना भरून आलं. पण त्यांनी मान हलवली. एकोणीस वर्षं बायकोच्या आड लपूनच तर काढली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवारचं अर्धं ऑफिस. साहेब खिडकीत बसले, पण जीव ठिकाणावर नव्हता. समोर एक बाई आल्या. त्यांच्या गल्लीत आठ दिवस पाण्याचा थेंब नव्हता. ही तक्रार आठवड्यात अकराव्यांदा येत होती. एरवी साहेबांनी अकरावी ओळ लिहून पुढच्याला बोलावलं असतं. पण त्या दिवशी त्यांचं काळीज जरा हुळहुळं झालं होतं. ते खुर्चीतून उठले. रांगेतल्या लोकांना आश्चर्याचा धक्का बसला, कारण साहेबांना पाय आहेत हे कुणी पाहिलंच नव्हतं. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी म्हाताऱ्या चावीवाल्याला गाठलं. गल्लोगल्ली फिरून जमिनीतल्या चाव्या उघडून पाणी सोडण्याचं काम त्यानं आयुष्यभर केलं होतं, आणि हल्ली गुडघ्यांमुळे नव्या माणसाला ते दिलं होतं.

"त्या गल्लीचं काय रे? नवा माणूस चावी उघडत नाही का?"

"रोज उघडतो साहेब. मान मोडून उघडतो," चावीवाला तंबाखू मळावा तसे नुसतेच हात चोळत म्हणाला. "मी काल बघायला गेलो तेव्हा कळलं. तो रोज उघडायला जातो आणि रोज आणखी बंद करून येतो."

"म्हणजे?"

"ती जुनी चावी परदेशी बनावटीची आहे. बाकीच्या सगळ्या एकीकडे फिरतात, ती एकटी दुसरीकडे. त्याला कुणी सांगितलंच नाही. जेवढा जोर लावतो तेवढी घट्ट."

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. तोंड उघडलं ते मिटेना. एक सूत. अर्धा सूत. पाव सूत. काकांची सही. जिन्यावरच्या टाळ्या. चार दिवस अख्ख्या इमारतीनं घाम गाळून, पाईप वाकवून, तो कप घट्ट केला होता!

"साहेब, पाणी देऊ का?" चावीवाला घाबरून उठला.

"त्यांना दे! गल्लीला! आत्ताच्या आत्ता जा आणि उलटी फिरव!" साहेब ओरडले आणि टेबलावरची पिशवी तशीच टाकून रस्त्यानं पळत सुटले. वीस वर्षांच्या नोकरीत तक्रार आली त्याच दिवशी निकालात निघण्याची ती पहिली वेळ. त्या गल्लीतल्या लोकांनाही पाणी आलं तेव्हा धक्काच बसला.

काकांना पटवणं सोपं नव्हतं. "साधे आटे? उजव्या बाजूला?" ते पुन्हा पुन्हा म्हणाले. कुणी चारित्र्यावर संशय घेतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "आणि माझी वही?" वहीचं काय करायचं ते नंतर बघू, असं ठरलं. जिमवाल्यानं नवा पाईप आणला, पाना दुसऱ्या बाजूनं लावला, पाय भिंतीला लावले. सेक्रेटरी नोटिशीचं उल्लंघन प्रत्यक्ष पाहायला त्याच्या मागेच येऊन उभे होते. आधी काहीच झालं नाही. मग बंदुकीसारखा आवाज झाला आणि जिमवाला पाईपासकट सेक्रेटरींच्या अंगावर जाऊन पडला. दोघं उठेपर्यंत साहेब बोटांनी कप फिरवून बाहेर काढत होते. नळासारखा. अगदी साधा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि काका काहीही म्हणोत, ते घासलेटच्या वासानं आलेलं नव्हतं.

कप धुतला, तो शाबूत निघाला. नवा कपही नको होता. लागले ते फक्त मूठभर छर्रे आणि डबीभर ग्रीस. छर्रे मिस्त्रीनं दिले, सायकलीकडे पाठ करून. जुनी पायडलंच साफ करून लावली, जुनाच दांडा पॉलिश पेपरनं घासला, बायकोनं हँडलला कापडी पट्टी इतकी सुबक गुंडाळली की काकांनीही ती मोजली नाही. योग्य मापाचे टायर शोधायला रविवारची सकाळ गेली. एवढा सगळा खटाटोप करून शेवटी नव्या वस्तू किती लागल्या, हे साहेबांनी कुणालाही सांगितलेलं नाही.

कप घासताना मात्र एक गोष्ट झाली. निळा रंग निघाला आणि खालचे ते दात स्पष्ट दिसले. पाईप पान्याचे दात होते ते. अगदी त्याच दिशेला घासलेले, ज्या दिशेला ते स्वतः चार दिवस झटले होते. साहेब हातातली चिंधी तशीच धरून बसले. तीस वर्षं. चालवायची नाही, जपायची आहे. लेथवर जन्म काढलेला माणूस. साहेबांना इतका जबर धक्का अकरा दिवसांत बसला नव्हता.

रविवारी दुपारी सासरे घरून तडक जावयाच्या इमारतीत आले. घरी भिंत रिकामी दिसली होती. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, हातात काठी, ओठ घट्ट मिटलेले. अख्खी इमारत जिन्याजवळ जमली होती. साहेबांनी सायकल पुढे आणली.

सासरे सायकलीसमोर उभे राहिले. मग वाकून त्यांनी एका बोटानं पायडल ढकललं. ते फिरलं. फिरतच राहिलं. आवाज नाही, खरखर नाही. सासरे काठी भिंतीला टेकवून जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"उजवा कप," ते कसंबसं म्हणाले. "काढलात?"

"हो बाबा."

"कसा?"

सगळे कान टवकारून उभे. वरचे काका, जिमवाला, कोपर बांधलेले सेक्रेटरी. एकोणीस वर्षांची वाट पाहणं या एका उत्तरात वसूल होणार होतं. साहेबांनी तोंड उघडलं आणि काळ्या चष्म्याच्या वरून त्यांना सासऱ्यांचे डोळे दिसले. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसांचे असतात तसे. साहेब खाली वाकले आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, त्याला साधे आटे आहेत. नळासारखे."

सासऱ्यांनी घसा खाकरला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "निघणारच. मी आधीच ढिला करून ठेवला होता."

जिमवाल्यानं आपल्या दंडाकडे पाहिलं. काका वही उघडून पुढे सरसावले, पण बायकोनं त्यांना हाताला धरून चहाला वर नेलं. तिच्या पाठोपाठ बाकीचेही गेले. जिन्याखाली सासरे, जावई आणि सायकल उरली.

सासऱ्यांनी सीटवरून हात फिरवला. "जरा उंच झालीय," ते म्हणाले. "खाली घ्यायला हवी."

साहेबांनी सवयीनं पाना उचलला आणि सवयीनंच त्यांच्यापुढे धरला. सासऱ्यांनी तो घेतला नाही.

"तुम्हीच करा. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालंय." चष्मा मात्र त्यांनी काढून खिशात ठेवला होता.

साहेबांनी पाना नटाला लावला. नट घट्ट होता. सासरे जवळ सरकले, वाकले, जिन्यावर कुणी नाही ना ते त्यांनी मान वळवून पाहिलं, आणि हळूच विचारलं, "हा कुठल्या बाजूनं फिरवायचा?"

एकोणीस वर्षांत सासऱ्यांनी त्यांच्याकडे मागितलेला हा पहिला सल्ला होता. तक्रारसाहेबांनी उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावला.